घर टाकून गेलेले पणजोबा

सन्माननीय अध्यक्ष, मंडळाचे सभासद आणि मित्रहो,

आमच्या घरात पणजोबांविषयी एकच वाक्य सांगितले जाई: "ते घर टाकून मुंबईला गेले." सातारा जिल्ह्यातील कोरडवाहू जमीन आणि लहानगा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, धाकट्या भावाच्या पदरात टाकून त्यांनी गिरणीची वाट धरली, हा सल आजोबांच्या मनातून अखेरपर्यंत गेला नाही.

गेल्या वर्षी मी तहसील कचेरीतून गाव नमुना १४ च्या, म्हणजे गावाकडे जिला कोतवाल बुक म्हणतात त्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीच्या नकला मिळवल्या आणि मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून त्या देवनागरीत उतरवून घेतल्या. ऑक्टोबर १९१८ च्या पानावर नऊ दिवसांच्या आत आमच्या घरातील तीन मृत्यू नोंदले आहेत: पणजी आणि दोन मुली. कारणाच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, "ताप". शेजारपाजारच्या घरांपुढेही, ओळीमागून ओळी, तोच शब्द.

जुनी माणसे जिला मानमोडी म्हणत, ती ही इन्फ्लुएन्झाची साथ. जून १९१८ मध्ये ती मुंबईत आली आणि सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांदा, अधिक घातक होऊन उसळली. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मेली. हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता, त्यामुळे ज्या घरात माणसे उरली, तिथे धान्य उरले नव्हते. अशा वेळी एका मुलाला भावजयीच्या हाती सोपवून रोख मजुरीच्या शोधात निघालेल्या माणसाला घर टाकणारा म्हणणे मला आता जमत नाही.

पूर्वजांचा शोध घेताना त्यांना एखाद्या प्रसिद्ध घटनेत उभे करण्याचा मोह फार होतो, मलाही झाला. परंतु ११ नोव्हेंबर १९१८ रोजी महायुद्ध थांबले, त्याची खूण आमच्या गावच्या वहीत कुठेही नाही. तिथे तेव्हाही ताप हाच शब्द लिहिला जात होता. म्हणून माझा आग्रह असा, की आधी आपल्या माणसाची नोंद वाचावी आणि मग त्या महिन्याचा इतिहास उघडावा. पणजोबा मुंबईत पोहोचले, त्या सुमारास, म्हणजे जानेवारी १९१९ मध्ये, लाखाहून अधिक गिरणी कामगार महागाईमुळे संपावर गेले होते, आणि कायद्याने तेव्हा पुरुषांकडून दिवसाला बारा तास काम घेता येत असे. भाकरीसाठी ते गेले, ते अशा शहरात.

फेरफाराच्या वहीत त्यांचा आणखी एक कागद सापडला. जमिनीतील आपला हिस्सा त्यांनी भावाच्या नावे करून दिला आहे, आणि खाली "निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची" असे लिहून फिकट शाईचा ठसा आहे. त्या ठशाच्या मधोमध एक आडवी रेघ गेली आहे, बहुधा विळ्याच्या जुन्या जखमेची.