‘तिला जरा बरे नसते’

नमस्कार मंडळी,

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात माझी एक आत्या राहत असे. ती आठ-आठ दिवस कोणाशी बोलत नसे, आणि मग एखाद्या मध्यरात्री उठून फळीवरची सगळी भांडी मोरीत काढून घासत बसे. पाहुण्यांना ठरलेले एकच वाक्य ऐकवले जाई: ‘तिला जरा बरे नसते.’ तिला नेमके काय होत असावे, याचा अंदाज मला तिच्या पश्चात कितीतरी वर्षांनी एका कादंबरीमुळे आला. त्या कादंबरीविषयी आणि तिच्या जवळपासच्या आणखी दोन कादंबऱ्यांविषयी आज बोलायचे आहे.

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ २०१२ साली इंग्रजीत आली आणि २०१६ साली तिला साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. माहीमच्या छोट्या फ्लॅटमध्ये राहणारे हे मूळचे गोव्याचे ख्रिस्ती कुटुंब आहे. आई कधी उन्मादाच्या लाटेवर असते, कधी खोल नैराश्यात बुडालेली असते, जीव देण्याचा प्रयत्न करते, आणि जे. जे. रुग्णालयाच्या मनोरुग्ण विभागात दाखल होऊन पुन्हा घरी येते. पण लेखकाने तिला केवळ रुग्ण ठेवलेले नाही. ती विड्या ओढते, चहावर चहा पिते, मुलांशी नको इतके मोकळे बोलते आणि त्यांना हसवतेही. वडील फार न बोलता सारे निभावून नेतात. गोष्ट सांगणाऱ्या मुलाला मात्र आईचे दुखणे आपल्याही वाट्याला येईल अशी धास्ती आहे, आणि त्या घरात ती धास्ती घेऊन एकट्याने बसायला वेगळी खोली नाही. मुंबईत वाढलेल्यांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

जागेचा प्रश्न सुटला म्हणजे घर सुखी होते, असेही नाही. विवेक शानभाग यांच्या ‘घाचर घोचर’ या कन्नड कादंबरीतले बंगळुरूचे कुटुंब आगगाडीच्या डब्यासारख्या एकामागोमाग एक खोल्यांच्या घरात मुंग्यांशी झगडत, पण एकजुटीने राहत असते. काकांचा मसाल्याचा धंदा चालू लागतो, मोठे घर होते आणि कमावत्या काकांना जपणे हाच कुटुंबधर्म होऊन बसतो. एक अनोळखी बाई काकांसाठी मसुराची आमटी घेऊन दाराशी येते, तेव्हा घरातल्या बायका तिला शिव्या देऊन हाकलून लावतात आणि कथा सांगणारा तरुण गप्प उभा राहतो. मला त्या शिव्यांपेक्षा त्याच्या गप्प राहण्याची जास्त भीती वाटली, कारण आत्याविषयी आम्हीही तसेच गप्प होतो.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये पुण्यातल्या एका घरातले भाऊ आणि बहीण, दोघेही एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. एका छपराखाली राहून एकाचे दुःख दुसऱ्याला कळत नाही, आणि आईवडिलांना मुलाचे तर दिसतही नाही.

अशा लेखनामुळे घरातली धुणी चव्हाट्यावर येतात, असा आक्षेप आपल्याकडे नेहमी घेतला जातो आणि तो घेणाऱ्यांच्या मनात घराविषयी माया असते, हे मी जाणतो. तरीही मला तो मान्य नाही. आत्याची लाज आम्ही राखली, पण तिला डॉक्टरकडे कोणी नेले नाही.

मंडळाच्या वाचनगटासाठी पहिले पुस्तक म्हणून मी ‘कोबाल्ट ब्लू’ सुचवतो. मूळ मराठी कादंबरी २००६ सालची आहे आणि २०१३ साली तिचा इंग्रजी अनुवाद जेरी पिंटो यांनीच केला. ज्यांच्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, त्यांनी दोन्ही प्रती घरी न्याव्यात आणि पुढच्या बैठकीला मुलांना बरोबर आणावे.