वय झालं, एवढंच म्हणून थांबू नका

नमस्कार श्रोतेहो. संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'आता वय झालं, कमी दिसायचंच.' आपले आईवडील असं म्हणाले की आपणही मान डोलावतो. त्याचीच मला काळजी वाटते.

काही बदल वयाचे असतात, हे खरंच. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि पेपर लांब धरावा लागतो. बाहुलीही आकसते. साठीत डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणून आजीआजोबांच्या खोलीत दिवा वाढवा. जुन्या इमारतीत राहत असाल, तर जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा मारून घ्या. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. पण तो 'पिकेपर्यंत' थांबायचे दिवस गेले.

काचबिंदूचं मात्र वेगळं आहे. त्यात डोळ्याची नस हळूहळू मरते. बहुतेकांना दुखत नाही की डोळा लाल होत नाही. आधी कडेची नजर जाते. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. समोरची पाटी तो स्वच्छ वाचतो, पण स्टेशनच्या पुलावर बाजूने येणारा माणूस अंगावर येईपर्यंत त्याला दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली बहुतेक वेळा औषधाने राखता येते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर नियमित तपासणी कराच. नुसता चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. डोळ्याचा दाब बघायला हवा आणि नसही.

काचबिंदूचे थेंब घालायचीही रीत आहे. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढायची, झालेल्या खोबणीत एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. हात थरथरत असेल तर आडवं होऊन घाला, नाहीतर सुनेला, नातवाला सांगा. 'काही फरक वाटत नाही' म्हणून थेंब बंद करू नका. दाब कमी झालेला आपल्याला जाणवत नसतो. आणि केमिस्टकडून मनाने स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच आणू नका, त्यांनीच काचबिंदू होऊ शकतो.

अधूनमधून एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघा. सरळ गज वाकडे दिसले, तर लवकर दाखवा. अचानक विजेसारखे लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मधुमेह असेल तर दरवर्षी पडदा तपासून घ्या, दिसत चांगलं असलं तरी. त्या तपासणीसाठी बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं. त्या दिवशी स्कूटर घरीच ठेवा, कुणाला तरी सोबत घ्या आणि चालू औषधांची चिठ्ठी खिशात असू द्या.