पेरापेराने वाढणारे वनस्पतिसंग्रहालय

श्रोतेहो, नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या श्रोत्यांना ऊस कसा वाढतो हे नव्याने सांगायला नको. एक कांडे, त्याच्या पेरावर डोळा, मग पुढचे कांडे, असा एकच घटक तो पुन्हा पुन्हा जोडत जातो. वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने जपणारी आणि लोकांना दाखवणारी इमारत याच रीतीने बांधली जावी, एवढेच मला आज मांडायचे आहे.

अशा इमारतीची गरज कास पठारावर उभे राहिले की कळते. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्यात कासचाही समावेश झाला. तेथे फुले तोडायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. पण मुख्य बहर ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा, आणि टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलणारी. मधल्या वर्षी किंवा ऐन मार्चमध्ये आलेल्या विद्यार्थ्याला तिचे फूल वाळवलेल्या नमुन्यातच भेटणार. वायतुऱ्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात तर 'सातारेन्सिस' असे आपले गावच आहे, तरी साताऱ्यात जन्म काढून ती न पाहिलेली माणसे थोडी नाहीत.

वनस्पतींचा संग्रह हा मुळातच सुट्या भागांचा व्यवहार आहे. अठराव्या शतकात कार्ल लिनियसने वाळलेली झाडे वहीत न बांधता सुट्या कागदांवर चिकटवली आणि त्यांच्यासाठी कप्प्यांची कपाटे करवून घेतली, त्यामुळे वर्गीकरण बदलले की कागद उचलून दुसऱ्या जागी ठेवता येऊ लागला. आज असा कागद साधारण २९ बाय ४२ सेंटिमीटरचा असतो. कागदाच्या मापाने कप्पा, कप्प्याच्या मापाने कपाट आणि कपाटाच्या मापाने खोली ठरवली, तर इमारतीचे कांडे आपोआप हाती येते.

वनस्पतीकडून बांधकाम शिकलेला प्रसिद्ध माणूस म्हणजे जोसेफ पॅक्स्टन. मुळात तो माळी. व्हिक्टोरिया या अवाढव्य कमळाच्या पानाखालच्या शिरा पाहून त्याने छपराची रचना बेतली आणि १८५१ साली लंडनमध्ये एकसारख्या मापाच्या भागांतून क्रिस्टल पॅलेस उभा केला. पुढे तो उतरवून दुसऱ्या जागी पुन्हा उभारलाही गेला. त्याच्याकडून आपण शिरा घ्याव्यात, काच मात्र घेऊ नये. जिवंत रोपाला जो उजेड हवा, तोच वाळलेल्या पाकळीचा रंग उडवतो.

आपल्याकडे खरी भीती ओलीची आणि किडीची. आषाढ-श्रावणात हवेतला दमटपणा कागदात उतरला की बुरशी धरते, आणि कोरड्या पानांवर जगणारे बारीक भुंगेरे वर्षभर संधी शोधत असतात. म्हणून प्रत्येक कांड्याला स्वतःचा बंद, अंधारा गाभा असावा, तेथील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास राखावी, आणि नवा नमुना उणे वीस अंशांच्या थंडीत काही दिवस ठेवल्याशिवाय आत घेऊ नये. प्रदर्शन गाभ्याभोवतीच्या ओसरीत मांडावे. तेथे मंद प्रकाशात थोडेच नमुने ठेवावेत आणि तेही पाळीपाळीने बदलावेत. उसाची उपमा येथे मला सोडावी लागते, कारण उसातली कूज पेर ओलांडून पुढे जाते. इमारतीत एका गाभ्याची कीड दुसऱ्यात जाताच कामा नये.

ओसरीच्या झडपांसाठी सूचिपर्णी झाडाच्या शंकूकडे पाहता येईल. त्याचे खवले कोरड्या हवेत उघडतात आणि दमट हवेत मिटतात. हेच तत्त्व घेऊन जर्मनीत स्टुटगार्ट विद्यापीठातील आकिम मेंगेस यांच्या चमूने २०१३ साली पातळ लाकडी पापुद्र्यांचा मंडप केला, ज्याच्या पाकळ्या विजेशिवाय उघडमीट करतात. आपल्या पावसाच्या झडीपुढे हे लाकूड किती टिकेल, याची परीक्षा आधी ओसरीवरच घ्यावी. गाभ्याचे दार मात्र साधे, घट्ट आणि हाताने लावायचे असावे.

सुरुवात एकाच कांड्याने करावी. त्याच्या शेवटच्या भिंतीत दाराची चौकट आधीच बसवून ती विटांनी बुजवून ठेवावी. तो इमारतीचा डोळा. कपाटे भरली की तेवढ्याच विटा काढायच्या.