मधल्या भिंतीवर डोकं: ओहायो स्टेट मिशिगनकडून का हरलं

(दृश्य: विद्यापीठाचं आवार, पाट्यांवर लाल पट्ट्या)

कोलंबस, ओहायो. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. आवारातल्या पाट्यांवर जिथे जिथे ‘एम’ अक्षर आहे, तिथे तिथे लाल चिकटपट्टीची फुली मारलेली दिसते. एम म्हणजे मिशिगन. 1897 सालापासून ओहायो स्टेट आणि मिशिगन ही दोन विद्यापीठं अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर एकमेकांना भिडत आली आहेत. इथे या सामन्याला नाव लागत नाही, ‘द गेम’ म्हटलं की पुरतं.

(दृश्य: स्टेडियमकडे निघालेली गर्दी, थंडीत तोंडातून निघणारी वाफ)

30 नोव्हेंबर 2024, दुपारी बारा. लाखाहून जास्त माणसं ओहायो स्टेडियममध्ये शिरत आहेत, आणि निकाल काय लागणार याबद्दल कुणालाच फारशी शंका नाही. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, हंगामभरात एकच हार. हा संघ उभा करायला सुमारे 2 कोटी डॉलर खर्ची पडले आहेत. समोर मिशिगन, सहा विजय, पाच पराभव. त्यांचे दोन मोहरे, कोल्स्टन लव्हलँड आणि विल जॉन्सन, खेळतही नाहीत. सट्टेवाल्यांच्या हिशेबात ओहायो स्टेट वीसेक गुणांनी जिंकायला हवं.

(दृश्य: स्कोअरबोर्ड, 13-10)

जिंकलं मिशिगन.

त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या किकर जेडन फील्डिंगने. 38 आणि 34 यार्डांवरून गोलखांबांमधून मारायच्या त्याच्या दोन किक हुकल्या, एकेकीचे तीन, म्हणजे सहा गुण गेले, आणि सामना गेला तीन गुणांनी. हिशेब सोपा आहे, म्हणूनच तो सगळ्यांना पटला. पण एका पोरावर सगळं ढकलून मोकळं होणं आम्हाला मान्य नाही. हा सामना कुठे गेला ते बघायचं, तर नजर चेंडूवरून काढून मैदानाच्या मधोमध न्यायला हवी.

(दृश्य: आरेखन, आक्रमणाची पाच जणांची ओळ)

या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. चेंडू घेऊन पळणारा पडद्यावर दिसतो, पण त्याला वाट करून देतात हे पाच जण. मधला तो सेंटर. त्याचं काम नीट पाहा. वाकून एका हाताने चेंडू पायांमधून मागे द्यायचा, आणि तो हात वर येतो न येतो तोच समोरून अंगावर येणारा दीडशे किलोचा गडी छातीने थोपवायचा.

ओहायो स्टेटचा पहिल्या पसंतीचा सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम सेंटरसाठीची रिमिंग्टन ट्रॉफी त्यालाच मिळाली. पण या सामन्याच्या काही दिवस आधी सरावात त्याच्या टाचेमागची कंडरा तुटली होती. त्याही आधी, ऑक्टोबरमध्ये ओरेगनविरुद्ध, ओळीच्या डाव्या टोकाचा गडी, म्हणजे डावा टॅकल, जॉश सिमन्स जायबंदी झाला. मग टॅकल आणि सेंटरच्या मधला डावा गार्ड डोनोव्हन जॅक्सन टॅकलच्या जागी सरकला. त्याच्या जागी आलेला कार्सन हिन्झमन पुढे सेंटरला गेला, आणि गार्डच्या जागी आला ल्यूक मॉन्टगोमरी. हंगाम सुरू झाला तेव्हा डावीकडून मध्यापर्यंत जे तिघे उभे होते, त्यांतला एकही आता आपल्या मूळ जागेवर नव्हता.

(दृश्य: मिशिगनची बचावफळी, क्रमांक 55 आणि 78)

आणि समोर कोण? मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. काही महिन्यांनी हे दोघेही एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, निवडीत पहिल्याच फेरीत उचलले गेले, ग्रॅहम पाचवा, ग्रँट तेरावा. मिशिगनचा संघ त्या वर्षी कुठे भक्कम असेल, तर नेमका इथे, मध्यभागी.

ओहायो स्टेटने तिथेच डोकं आपटलं. वारंवार! दोन्ही कडांना पास झेलणारे जेरेमाया स्मिथ आणि एमेका एग्बुका मोकळी जागा शोधत धावताहेत, आणि चेंडू मात्र मधल्या भिंतीत घुसवला जातोय. 26 वेळा पळून मिळाले 77 यार्ड.

हे कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? मुख्य प्रशिक्षक रायन डे आणि आक्रमणाची सूत्रं हाती असलेले चिप केली, दोघेही या धंद्यात मुरलेले. आम्हाला याचं मूळ तीन वर्षं मागे दिसतं. 2021 मध्ये ॲन आर्बरला, आपल्या घरच्या मैदानावर, मिशिगनने जवळपास 300 यार्ड पळून ओहायो स्टेटला 42-27 असं तुडवलं. पुढची दोन वर्षंही तेच जिंकले. ‘हा संघ मऊ आहे’ हा शिक्का तेव्हापासून बसला. तो इथेच, याच गड्यांना रेटून पुसायचा, या हट्टात सामना जिंकायचा राहून गेला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: दुसरा अर्धा भाग)

ओहायो स्टेटचा चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड, त्याचा एक पास पहिल्या अर्ध्या भागात मिशिगनच्या आमिर हॉलने ओहायो स्टेटच्याच गोलरेषेजवळ पळवला होता, आणि त्यातून मिशिगनचा चेंडू घेऊन पळणारा केलेल मलिंग्स याने टचडाउन केला होता, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला होता. तरी मध्यंतराला 10-10 अशी बरोबरी होती. नंतर ओहायो स्टेटला एकही गुण मिळाला नाही. मिशिगनचे पासचे यार्ड सबंध सामन्यात फक्त 62, तेव्हा तेही पळतच राहिले. फरक इतकाच की त्यांची ओळ वाट करून देत होती. शेवटच्या चढाईत मलिंग्स 27 यार्ड सुटला तो हा क्षण. गडी एकदा बचावातला लाइनबॅकर म्हणून खेळलेला, त्याला पाडायला एक माणूस पुरत नाही. 45 सेकंद उरले असताना डॉमिनिक झ्वाडाने 21 यार्डांवरून विजयी किक मारली.

(दृश्य: मैदानावरची झटापट)

मग मैदानाच्या मधोमध रोवायला आणलेला मिशिगनचा झेंडा, हाणामारी, पोलिसांचा पेपर स्प्रे, दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड.

(दृश्य: रोझ बोल)

महिन्याभराने, 1 जानेवारीला, राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, ओहायो स्टेटच्या ओळीत डावीकडे तेच जॅक्सन, मॉन्टगोमरी, हिन्झमन उभे होते. या वेळी चेंडू हवेतून स्मिथकडे गेला, आणि मध्यंतराआधीच ओरेगनविरुद्ध फलक 34-0 झाला. 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोत्र दामला 34-23 हरवून ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेतं ठरलं.