खाऱ्या वाऱ्यातला चोक

(दृश्य: गुहागर तालुक्यातील किनाऱ्याजवळचे एक घर. पडवीत ठेवलेले गवत कापायचे यंत्र. सकाळची वेळ.)

मृग लागून दहा-बारा दिवस झाले की कोकणात गवत डोळ्यांदेखत वाढू लागते. माडांच्या खालची मोकळी जागा, विहिरीकडे जाणारी पायवाट आणि पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्यांसमोरची हिरवळ या सगळ्यांवरून आठवड्याला एकदा तरी यंत्र फिरवावे लागते. उन्हाळाभर पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवलेले ते यंत्र नेमके याच दिवसांत कुरकुर करते. या घरातही तेच झाले आहे. पाच-सहा वेळा दोरी ओढल्यावर इंजिन सुरू होते, काळा धूर सोडते, दोन मिनिटे कसेबसे चालते आणि गवताला पाते लागताच गुदमरून बंद पडते.

हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरवर घरमालकीण काकूंचा संशय होता. त्यांनी विचारले, "मेस्त्री, नवीन कार्बोरेटर घालायला लागेल का?" गावात दुचाक्यांपासून होडीच्या इंजिनांपर्यंत सगळे दुरुस्त करणारे मेस्त्री त्यावर शांतपणे म्हणाले, "काकू, थांबा जरा. आधी तो चोक काय करतो ते बघू."

पुढील सगळी दुरुस्ती त्यांच्या या एका वाक्याने ठरली. आपोआप चालणाऱ्या चोकचा दोष शोधायचा असेल तर आधी पाहावे लागते, आणि तेही इंजिन पूर्ण थंड असताना. एकदा सुरू करून बघण्याच्या घाईत तो पुरावा पुसला जातो आणि पुढे तासभर थांबावे लागते.

(दृश्य: एअर फिल्टरचे झाकण निघते. कार्बोरेटरच्या तोंडातील गोल झडप जवळून दिसते.)

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. निव्वळ पेट्रोलचा एक ग्रॅम पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. थंड इंजिनात मात्र बरेचसे पेट्रोल वाफ न होता नळीच्या भिंतींना चिकटून राहते, म्हणून सुरू होताना हवा कमी आणि पेट्रोल जास्त असे मिश्रण द्यावे लागते. हवेची वाट अडवणारी ही गोल झडप म्हणजे चोक. पूर्वीच्या यंत्रांवर तो हाताने ओढावा लागे आणि इंजिन तापले की आठवणीने परत ढकलावा लागे. या इंजिनात ते काम सायलेन्सरजवळ बसवलेली धातूची एक गुंडाळी करते. ही गुंडाळी दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडून केलेली असते. त्यांतली एक उष्णतेने जास्त प्रसरण पावते, दुसरी कमी, त्यामुळे तापताच गुंडाळी वळते आणि बारीक तारेच्या दांडीने झडप उघडते. काही इंजिनांत गुंडाळीऐवजी मेण भरलेली छोटी डबी असते, तर जुन्या काही इंजिनांत हवेच्या ओढीने हलणारा पातळ पडदा असतो. मूळ हेतू एकच आहे, इंजिन तापले की चोकने आपणहून बाजूला व्हावे.

जोडपट्टीची ही कल्पना मोठी जुनी आहे, आणि तिचा समुद्राशी संबंध आहे हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्लिश घड्याळजीने जहाजावर वेळ अचूक राहावी म्हणून बनवलेल्या घड्याळात अशी पट्टी वापरली होती. पुढे १८९६ मध्ये शार्ल एदुआर ग्वियोम यांनी लोखंड आणि निकेलचा, उष्णतेने जवळजवळ न वाढणारा मिश्रधातू शोधला, आणि अशा पट्टीची कमी वाढणारी बाजू करायला तो फार उपयोगी पडला. त्यांना १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

(दृश्य: मेस्त्री प्लगची टोपी काढून बाजूला बांधतात.)

हात घालण्यापूर्वी मेस्त्रींनी दोन गोष्टी केल्या. पेट्रोलचा कॉक बंद केला आणि प्लगची टोपी काढली, कारण पाते हाताने फिरले तरी इंजिन अचानक सुरू होऊ शकते. यंत्र आडवे करायची वेळ आली तर एअर फिल्टरची बाजू वर ठेवायची, हेही त्यांनी काकूंच्या मुलाला दाखवले. ती बाजू खाली गेली तर तेल फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये उतरते, आणि मग दोन बिघाड शोधत बसावे लागते.

प्लग काळा, कोरड्या काजळीने माखलेला होता. म्हणजे पेट्रोल जास्त जात होते. झडप थंड अवस्थेत बंद असायला हवी होती, ती अर्धवट तिरकी होती. येथे एक बारकावा सांगायला हवा. यंत्रासोबतच्या पुस्तिका बहुधा थंड देशांचा विचार करून लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात भर दुपारी न चालवलेल्या यंत्राचीही गुंडाळी काहीशी वळलेली असते, त्यामुळे त्या वेळी झडप किंचित उघडी दिसली तर तो दोष मानू नये. पावसाळी सकाळी ती अर्धी उघडी असणे मात्र संशयास्पद आहे.

मेस्त्रींनी झडप बोटाने हलकेच दाबली. ती हळूहळू सरकली आणि जिथे सोडली तिथेच राहिली. मग गुंडाळीकडून येणारी तार त्यांनी झडपेच्या दांडीपासून सोडवली. त्याआधी तार कोणत्या भोकात आहे याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवला, कारण शेजारीशेजारी दोन भोके असतात आणि चुकीच्या भोकात तार गेली की सगळे माप बिघडते. तार सोडवल्यावरही झडप तशीच जड होती, म्हणजे अडचण दांडीतच होती.

दांडीच्या खालच्या टोकाला, जिथे ती कार्बोरेटरच्या अंगात फिरते तिथे, मिठासारखी पांढरी भुकटी जमली होती. ते मीठ नव्हते, मिठाने केलेले काम होते. दिवसभर समुद्रावरून येणारा वारा बारीक खारे कण घेऊन येतो, हवेतला दमटपणा ते ओले ठेवतो, आणि कार्बोरेटरचा हलका धातू त्यात झिजून अशी भुकटी सोडतो. भरीला आजच्या पेट्रोलात सुमारे २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा शोषून घेते, म्हणून महिनोन्महिने टाकीत राहिलेले पेट्रोल आतूनही तेच करते.

कार्बोरेटर साफ करायच्या फवाऱ्याची बारीक नळी त्या सांध्याशी धरून मेस्त्रींनी थोडे द्रावण मारले, जुन्या टूथब्रशने घासले, झडप पन्नासेक वेळा मागेपुढे केली आणि फडक्याने पुसली. झडपेचे दोन छोटे स्क्रू त्यांनी मुद्दाम काढले नाहीत. ते बहुधा टोकाला ठोकून घट्ट केलेले असतात. एकदा काढले की पुन्हा तसे बसत नाहीत, आणि सुटलेला स्क्रू सरळ इंजिनात जातो. सांध्याला तेलही लावले नाही, कारण तेलावर धूळ आणि गवताचा भुसा बसून त्याचा चिखल होतो.

झडप आता फुलपाखरासारखी हलत होती. अनेक ठिकाणी काम इथेच संपते. मेस्त्रींनी मात्र काकूंकडून केस वाळवायचा ड्रायर मागून घेतला.

(दृश्य: सायलेन्सरशेजारी छोटे पत्र्याचे घर. त्यावर ड्रायरची गरम हवा.)

तार जोडून त्यांनी गुंडाळीच्या घरावर गरम हवा सोडली. एक मिनिट झाले, दोन झाली, तार हलली नाही. गुंडाळी तुटली असती तर नवीन आणावी लागली असती. पत्र्याचे झाकण उघडल्यावर आत मातीचा घट्ट गोळा दिसला. कुंभारीण माशीने उन्हाळ्यात तिथे घर बांधले होते. गोणपाटाखालची, वाऱ्यापावसापासून सुरक्षित अशी ती जागा तिला आवडली असणार. माती गुंडाळीच्या वेढ्यांत शिरून ती पक्की धरून बसली होती. दाभणाने एकेक खडा सोडवायला मेस्त्रींना वीस मिनिटे लागली, कारण वेढा एकदा वाकला की तो योग्य तापमानाला वळत नाही. पुन्हा ड्रायर लावला तेव्हा तार अगदी सावकाश, घड्याळाच्या काट्यासारखी सरकली आणि झडप उघडत गेली. ड्रायर बंद केल्यावर ती तितक्याच सावकाश मिटली.

असा चोक बिघडला की अनेक जण झडप तारेने बांधून कायमची उघडी ठेवतात आणि सुरू करताना कार्बोरेटरच्या तोंडात थेट पेट्रोल टाकतात. हे आम्ही स्वतः पाहिले आहे, आणि ते कोणीही करू नये असे आग्रहाने सांगावेसे वाटते. इंजिनाने उलटा भडका दिला तर तो समोर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतो, आणि हे सगळे वाचवायला एक ब्रश आणि अर्धा तास पुरेसा असतो.

नवा प्लग, ताजे पेट्रोल. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले. सुरुवातीला आवाज किंचित जड होता, मग मिनिटाभरात तो मोकळा झाला. मेस्त्रींनी लगेच पैसे घेतले नाहीत. त्यांनी हिरवळीवर दोन फेऱ्या मारल्या, यंत्र बंद केले आणि पंधरा मिनिटे चहा घेत बसले. सायलेन्सरचा पातळ पत्रा लवकर निवतो, इंजिनाचे ओतीव अंग मात्र गरमच राहते. अशा वेळी चोक अवेळी मिटला तर गरम इंजिनात पेट्रोल ओव्हर होते, म्हणजे गरजेपेक्षा जास्त जाते, म्हणून ही चाचणी थंड सुरुवातीइतकीच गरजेची आहे.

चहा संपला. काकूंच्या मुलाने दोरी ओढली, पहिल्याच ओढीला इंजिन सुरू झाले आणि धूर दिसला नाही. काम आटोपल्यावर मेस्त्रींनी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू दिले, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचून राहणार नाही. मग यंत्र पडवीत नेताना त्यांनी कोपऱ्यातले गोणपाट उचलून झटकले, आणि त्याच्या घडीतून मातीचे आणखी एक घर खाली पडले.