पिवळं फूल बघून खरंच मूड सुधारतो का?

नमस्कार मंडळी. व्हॉट्सॲपवरचा तो रंगांचा तक्ता तुमच्यातल्या बहुतेकांना आलाच असेल, पिवळं फूल म्हणजे आनंद, निळं म्हणजे शांती, लाल म्हणजे उत्साह वगैरे. मी आधीच सांगून टाकते, त्या तक्त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. फुलांनी बरं वाटतं ह्यावर आहे, भरपूर आहे, पण सगळं श्रेय रंगाला देऊन मोकळं व्हायचं हे काही पटत नाही.

झेंडूच घ्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते, केशरी-पिवळे ढीगच्या ढीग, खाली चिखल, वरून पुलावरची गर्दी, धक्के खात दोन किलो झेंडू घेऊन निघालेला माणूससुद्धा खुशीत असतो कारण तो रंग दिसला की आपल्याला तोरण दिसतं, आपट्याची पानं दिसतात, सुट्टी दिसते. पण हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, आणि तिकडे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांसाठी दिवस पाळतात तेव्हा कबरी ह्याच फुलांनी सजवतात, पाकळ्यांची वाट करतात, पितरांना घर सापडावं म्हणून. तोही सणच, पण आठवणींचा, आपल्या दसऱ्यासारखा नाही. शेवंतीचं तर त्याहून गमतीदार आहे. आपल्याकडे शेवंतीच्या वेणीशिवाय गौरी सजत नाहीत, आणि फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरला शेवंतीच्या कुंड्या स्मशानात नेऊन ठेवतात, त्यामुळे कोणाच्या घरी जेवायला जाताना तिथे शेवंती नेली तर यजमानीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा होईल. आता सांगा, पिवळा रंग आनंदी की दुःखी? रंग डोळ्याला दिसतो हो, मूड ठरवतं ते लहानपणापासून मनात बसलेलं असतं ते.

मग विज्ञान काय म्हणतं? अभ्यास झालेत. रॉजर उलरिच म्हणून एक संशोधक, त्यांचा १९८४चा अभ्यास फार गाजला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधलं हॉस्पिटल, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, अर्ध्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि अर्ध्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले साधारण पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागल्या. म्हणजे बघा, फुलं नाहीत, रंग नाहीत, नुसती झाडं.

फुलांवरचा अभ्यास रटगर्स विद्यापीठातला, २००५चा. बायकांना कोणाला फुलं पाठवली, कोणाला फळांची टोपली, कोणाला मेणबत्ती, आणि दार उघडल्यावर चेहरा कसा होतो ते टिपलं. खरं हसू आणि तोंडदेखलं हसू ह्यात फरक असतो, खऱ्या हसण्यात डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या पडतात, आणि फुलंवाल्या सगळ्याच तशा हसल्या. छानच! फक्त ह्या संशोधनाला पैसे अमेरिकेतल्या फुलवाल्यांच्या संघटनेने दिले होते, तेव्हा विश्वास ठेवायचा तो जरा हातचं राखून. खोटं असेल असं म्हणत नाहीये मी, पण कोणी वडे विकणाऱ्याने वड्याची तारीफ केली तर आपण एक खाऊन बघतोच ना.

रंगापेक्षा मला वास जास्त महत्त्वाचा वाटतो. वासाचा मेंदूतला रस्ता जवळचा आहे, भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत तो बाकीच्या इंद्रियांपेक्षा थेट पोचतो, म्हणून बकुळीचं वाळकं फूल वहीत सापडलं की एकदम आजोळच्या अंगणात जाऊन पडतो आपण. गजरेवाल्या बायकांना हे बरोबर कळलेलं असतं. अबोलीला रंग काय सुंदर, पण वास अजिबात नाही, म्हणून मध्ये मोगरा किंवा मरवा गुंफतात, डोळ्याचं काम एकाकडे आणि नाकाचं दुसऱ्याकडे. आणि रात्री फुलणारी आपली फुलं आठवा, प्राजक्त, रातराणी, निशिगंध, सगळी फिकट नाहीतर पांढरी आणि सगळी घमघमणारी, कारण अंधारात पतंगांना बोलवायचं तर लाल रंग काय कामाचा. त्यांचा हा सगळा थाट आपल्यासाठी नाहीच मुळी, आपण फुकटचे लाभार्थी.

आता ह्या चिठ्ठ्या आल्यात. एकीने विचारलंय पेशंटला फुलं न्यावीत का. आयसीयूमध्ये नाही, बहुतेक ठिकाणी आत घेऊच देत नाहीत, आणि दमा असेल तर उग्र वासाची फुलं कुठेच नको. साध्या वॉर्डात आधी सिस्टरांना विचारा. दुसरी चिठ्ठी, बाल्कनीत ऊन येत नाही, काय लावू? मोगरा नको, त्याला निदान पाच-सहा तास ऊन लागतं, नुसती पानं येत राहतील आणि तुम्ही त्याच्यावर चिडाल. सोनटक्का लावा, थोडी सावली चालते, पाणी मात्र भरपूर घाला.