झील : एका गोंधळी घराण्यातला दुसरा आवाज

(तुळजापूर. पहाटेचा उजेड, कल्लोळ तीर्थ, मागे संबळ.)

तुळजापूरच्या मंदिरात पायऱ्या उतरून येणारा भाविक कल्लोळ तीर्थावर हातपाय धुतो आणि मग देवीच्या दर्शनाला वळतो. नवरात्रातल्या या पहाटे त्याच्या कानांवर आधी पडतो तो संबळ. संबळ वाजवणारा या घराण्यातला धाकटा भाऊ आहे आणि दोन्ही हात वर करून 'आई राजा उदो उदो' असा पुकारा करणारे थोरले बंधू या पार्टीचे नाईक, म्हणजे मुख्य गायक आहेत. त्यांच्या डाव्या खांद्यामागे, तुणतुणे काखेत धरून उभे असलेले मधले भाऊ म्हणजे आण्णा. गर्दीतल्या कोणाचीही नजर सहसा त्यांच्यावर ठरत नाही. हा माहितीपट त्यांच्याविषयी आहे.

गोंधळी समाजात कदमराई आणि रेणुराई अशा दोन शाखा मानल्या जातात. तुळजाभवानीची उपासना करणारे ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. आण्णांचे घराणे कदमराई असून धाराशिव जिल्ह्यातली काही गावे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या हक्काची आहेत. या गावांत लग्न झाले, जावळ निघाले किंवा नवस फिटला की गोंधळाची सुपारी याच घरी येते. आण्णांच्या वडिलांच्या काळात बिदागी बहुधा ज्वारीच्या रूपात मिळत असे. 1972च्या दुष्काळात शेतकऱ्याच्याच कणगीत ज्वारी राहिली नाही, तेव्हा सारे घर खडी फोडण्याच्या कामावर गेले.

(दिवटी आणि बुधली, जवळून.)

ही दिवटी आण्णांच्या आजोबांच्या वेळची आहे. शाळेत नाव घालण्याआधीच आण्णांच्या हाती आलेले काम म्हणजे रात्रभर जागून या बुधलीतले तेल दिवटीवर घालत राहणे. दिवटी विझू द्यायची नाही एवढीच जबाबदारी त्या वयात असते, पण जो मुलगा दिवटीजवळ बसतो त्याच्या कानांवरून संपूर्ण गोंधळ गणापासून आरतीपर्यंत शेकडो वेळा जातो. या घराण्यात वेगळी तालीम अशी कधी झालीच नाही. दिवटीनंतर टाळ, टाळानंतर तुणतुणे, असा क्रम होता. पुढे थोरल्याच्या गळ्याला धार असल्याचे वडिलांच्या लक्षात आले आणि धाकट्याच्या हाताला संबळ लागला, तेव्हा मधल्याच्या वाट्याला झील, म्हणजे नाईकांच्या ओळीमागे सूर धरून साथ करण्याचे काम आले. वडिलांनी ही वाटणी फार विचारपूर्वक केली असली पाहिजे, असे चित्रीकरणानंतर आम्हाला वाटते.

(तुणतुणे. खुंटीवरची बोटे.)

तुणतुण्याला एकच तार असते. लाकडी नळकांड्याच्या तळाला कातडे मढवलेले, त्यातून निघालेली तार बाजूच्या दांडीवर चढलेली आणि टोकाला ही खुंटी. कथा अशी सांगतात की परशुरामाने बेटासुराचा वध केला, त्याच्या शिरापासून वाद्य करून त्याला त्याच्याच शिरांची तार ओवली आणि ते वाजवत तो माता रेणुकेच्या वंदनाला गेला. गोंधळाचा आरंभ तेथे झाला, अशी श्रद्धा आहे.

आता आण्णांच्या बोटांकडे लक्ष द्यावे. गोंधळ सुरू होण्यापूर्वी तार लावली जाते ती नाईकांच्या त्या रात्रीच्या गळ्याला. प्रवासाने आवाज बसला असेल तर तार थोडी खाली, विश्रांती मिळाली असेल तर वर. मध्यरात्र उलटली आणि थोरल्या भावाचा आवाज वरच्या जागी ओढला जाऊ लागला, की आण्णा दोन ओळींच्या मध्ये खुंटी किंचित सैल करतात. ऐकणाऱ्याला सूर उतरल्याचे जाणवतही नाही, पण नाईकांना ते तत्काळ कळते आणि ते मागे न पाहता नव्या सुरात पुढची ओळ उचलतात. दोघा भावांमध्ये याबद्दल कधी बोलणे झाल्याचे दोघांनाही आठवत नाही.

झील म्हणजे ओळ परत म्हणणे, असा एक सोपा समज आहे. प्रत्यक्षात नाईकांची ओळ संपण्याआधीच, शेवटच्या दोन अक्षरांवर झीलकऱ्याला आत शिरावे लागते. तो उशिरा आला तर मध्ये पोकळी पडते आणि लवकर आला तर कथेतला महत्त्वाचा शब्द झाकला जातो. झीलकऱ्याने शेवटचा शब्द उचलून 'जी जी' करीत वर ताणला, की तेवढ्या अवधीत नाईक श्वास घेतात, पुढचे पद आठवतात, समोरच्या मंडळींचा अंदाज घेतात. आख्यान रात्रभर चालते आणि नाईकांचा गळा पहाटेपर्यंत टिकतो, तो या उसंतीमुळे. घराण्याच्या नावलौकिकाचा निम्मा भार ज्याने उचलला त्याला आपण साथीदार म्हणून मोकळे होतो, हे आम्हाला पटत नाही.

(कळंब तालुक्यातले लग्नघर. रात्र.)

अंगणात चौक मांडला जातो आहे. पाटावर नवे कापड, त्यावर धान्याची रास, कलश, विड्याची पाने, नारळ आणि चारी बाजूंनी उभे केलेले ऊस. घोळदार झगा आणि गळ्यात कवड्यांची माळ असा नाईकांचा वेष आहे. आण्णांच्या गळ्यातली माळ त्यांना लग्नाआधी तुळजापुरात घातली गेली. आरंभी गण होतो आणि मग आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, अंबाजोगाईची योगेश्वरी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा अशा एकेका दैवताला नाव घेऊन गोंधळाला बोलावले जाते. प्रत्येक नावामागे 'गोंधळाला ये' हे पालुपद आण्णा आणि संबळवाला धाकटा भाऊ मिळून म्हणतात. यजमानाच्या गावचे ग्रामदैवत विसरले तर मंडळी रुसतात, म्हणून ती यादी तोंडपाठ ठेवणे हेही झीलकऱ्याचेच काम आहे.

उत्तररंगात, म्हणजे गोंधळाच्या दुसऱ्या भागात, आख्यान सुरू होते आणि आण्णांचे दुसरे रूप दिसते. नाईक गंभीरपणे राजाचे वर्णन करीत असतात आणि हे मध्येच विचारतात, 'राजा एवढा मोठा, मग त्याच्या गावाला एसटी जात होती का?' अंगण हसते. असे प्रश्न लिहून ठेवलेले नसतात. पुढच्या रांगेत कोण बसले आहे, यंदा पाऊस कसा झाला, सोयाबीनला भाव काय मिळाला, हे पाहून ते तयार होतात. हशा ओसरेपर्यंत नाईक थांबतात, आणि त्यांना पुन्हा कथेत आणणारा धागा आण्णांनी प्रश्नातच ठेवलेला असतो.

(करपल्लवी. एकसलग दृश्य, संबळ बंद.)

या दृश्यात आम्ही कोठेही काटछाट केलेली नाही. गर्दीतल्या एका मुलीने नाईकांच्या कानात एक नाव सांगितले आहे. आण्णा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला आहेत. नाईक तोंडाने एक अक्षरही न उच्चारता फक्त हात हलवतात, आणि आण्णा ते नाव मोठ्याने सांगतात. या विद्येला करपल्लवी म्हणतात. हाताच्या आकारावरून अक्षराचा वर्ग कळतो, बोटांच्या संख्येवरून त्या वर्गातले कितवे अक्षर ते कळते आणि चुटकीवरून मात्रा. 'म' दाखवायचा तर प-वर्गाची खूण करून पाच बोटे. सांगणाऱ्याइतकेच ओळखणाऱ्याचे कसब मोठे आहे, कारण दिवटीच्या हलत्या उजेडात ही अक्षरे एकदाच आणि भरभर येतात. टाळ्या मात्र, अपेक्षेप्रमाणे, नाईकांकडे पाहून वाजतात.

आण्णांची गायनाची कारकीर्द अशा हजारो रात्रींची आहे. आकाशवाणीवर त्यांच्या पार्टीचे ध्वनिमुद्रण झाले, जत्रांमधून आणि सांस्कृतिक महोत्सवांतून बोलावणी आली, आणि प्रत्येक ठिकाणी निवेदनात थोरल्या बंधूंचे नाव घेऊन 'आणि साथीदार' असे म्हटले गेले. भिंतीवरच्या या सन्मानपत्रांवरही तेच छापले आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांतली गावे उद्ध्वस्त केली, त्या वर्षी नवरात्रात या घरचा संबळ खुंटीवरून खाली उतरला नाही.

(स्वयंपाकघर. भाकरी थापताना काकू.)

गोंधळाच्या अंगणात परंपरेने स्त्रिया गात नाहीत, पण या घरातले पदांचे सर्वांत भरवशाचे भांडार काकूंकडे, म्हणजे आण्णांच्या पत्नीकडे आहे. आमच्यासाठी आण्णा एक जुने पद म्हणत असताना तिसऱ्या कडव्याला त्यांनी दोन ओळींची अदलाबदल केली. काकूंनी भाकरी उलटता उलटता, मान वर न करता ओळ दुरुस्त केली आणि आण्णांनी ती तशीच झिलीसारखी उचलली.

ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. तिच्या अर्जासोबत कलासेवेचे पुरावे जोडावे लागतात, आणि आण्णांच्या नावाचे कागद घरात जवळजवळ नाहीत. गोंधळी समाजाचा समावेश भटक्या जमातींच्या यादीत आहे, त्याचा उपयोग पुतण्यांना शिक्षणासाठी झाला.

थोरल्या बंधूंचा नातू आता महाविद्यालयात शिकतो. त्याने तीन आख्याने बसवली आहेत आणि त्याला नाईक व्हायचे आहे. धाकट्या भावाचा मुलगा संबळ शिकतो आहे. झिलीसाठी अजून कोणी पुढे आलेले नाही. येत्या लग्नसराईतल्या सुपाऱ्यांना आण्णा स्वतः जाणार आहेत, आणि नातू गायला उभा राहील त्या रात्री तार थोरल्या भावाच्या नव्हे, तर नातवाच्या चढ्या पट्टीला लावावी लागेल. त्यासाठी त्यांनी तुणतुण्याला नवी तार चढवून घेतली आहे.